दादासोचं ॲव्हरेज

सोमवारी सकाळी सव्वानऊला पेढीवर फोन वाजला. शाहूपुरीत आमची गुळाची अडत आहे, माझी तिसरी पिढी. डिसेंबरचा महिना, गुऱ्हाळं जोरात, दारात गुळाच्या रव्यांची, म्हणजे ढेपांची, थप्पी लागलेली आणि हमालांचा दंगा चाललेला. एका कानात बोट घालून मी फोन घेतला. पलीकडं अमरसिंह होता. आमच्या नव्या गाडीचं पहिलं सर्व्हिसिंग शनिवारी जिथं झालं, तिथला तो सुपरवायझर. आमच्याच गल्लीत वाढलेला.

"काका, शनिवारी तुमच्या दादासोनं मला एक इचारलंतं," तो म्हणाला. "उताराला किल्ली बंद करून गाडी सोडली तर चालतंय का म्हणून. तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं, उत्तर द्यायचं राहूनच गेलं. अजिबात चालत न्हाय म्हणावं. ह्या गाडीचं इंजिन बंद झालं की स्टेअरिंग जड हुतंय. ब्रेक दोन-तीनदा लागतोय, आणि मग दगडावर पाय मारल्यागत. तेवढं त्याच्या कानावर घाला."

"घालतो," म्हणून मी फोन ठेवला. आणि मग मला आठवलं. दादासो, आमचा ड्रायव्हर, त्याच गाडीनं दीड तासापूर्वी निघून गेला होता. मागं माझी आई बसलेली, तिच्या शेजारी माझी मुलगी संयोगिता. आईच्या धाकट्या बहिणीकडं, वैभववाडीला. वैभववाडीला जायचं म्हणजे गगनबावड्याहून करूळचा घाट उतरायचा. सलग उतार, एका अंगाला डोंगर आणि दुसऱ्या अंगाला दरी.

आणि दादासो उताराला किल्ली बंद करतो, हे मला अकरा वर्षं ठाऊक होतं.

मी तापट माणूस आहे. लपवत नाही, लपवून राहणारही नाही, अख्ख्या मार्केटला ठाऊक आहे. पण त्या वेळी मला राग आला नाही. संयोगिताजवळ मोबाईल होता, दिवाळीतच घेऊन दिलेला. लावला. ती बाई सांगायला लागली की आपण संपर्क करू इच्छिता ती व्यक्ती संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. पुन्हा लावला. पुन्हा तीच बाई, तसलीच गोड. गगनबावड्याच्या वाटेवर कळे गावाच्या पुढं त्या वर्षी कुणालाच रेंज नव्हती, हे मला माहीत होतं. तरी पाच वेळा लावला.

मग डोक्यात आलं, दादासो चहाला कुठंतरी थांबत असणार. पण कुठं? अकरा वर्षं ज्याच्या मागं बसलो तो चहा कुठं घेतो, हे मला सांगता येईना. त्याच्या घरी फोन नव्हता, शेजाऱ्यांचा नंबर होता. तो लावला आणि त्याच्या बायकोला, निशाला, बोलवून घेतलं.

"गगनबावड्यात स्टँडसमोर गुंडूचं हॉटेल हाय, तिथं थांबत्यात," ती म्हणाली. "नंबरबी लिहून ठेवलाय त्यांनी. सांगू?"

मी नंबर उतरून घेतला.

"काय झालंय, मालक?"

"काय न्हाय. काम हुतं जरा," म्हणून मी फोन आपटला. काही झालं नसेल तर मालक डायवरच्या बायकोला सकाळी सकाळी फोन करत नाही, हे कळायला ती काय कुक्कुलं बाळ नव्हती.

गुंडूचा फोन लागायला दहा मिनिटं गेली. लागला तेव्हा तो म्हणाला, "आत्ताच गेली की गाडी. पाच मिन्टं झाली असतील. म्हातारीनं चा घेतला, पोरीनं भजी खाल्ली."

"करूळच्याच घाटानं गेली न्हवं?"

"ते काय बघिटलं न्हाय बा. करूळनंच गेली असंल."

एवढं ऐकून मी शेजारच्या आकारामच्या पेढीवर गेलो आणि त्याच्या जीपची किल्ली मागितली. आकाराम म्हणाला, "तू चालवणार?" मी म्हणालो, "मग काय ढकलत नेऊ?" घरी फोन करून बायकोला दोन वाक्यांत सांगितलं, ती रडायला लागली, मी तिच्यावर ओरडलो आणि निघालो.

मला गाडी येते, पण अकरा वर्षांत मी कधी चालवली नव्हती. गरजच पडली नाही. दादासो होता.

एक्क्याण्णव साली तो आमच्याकडं आला. मूळचा नेसरीकडचा. कोल्हापुरात येऊन ट्रकवर क्लिनर, मग ड्रायव्हर, मग एका डॉक्टरांकडं होता. सडपातळ, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत मोजून दुमडलेल्या, बोलणं कमी. आमच्याकडं तेव्हा डिझेलची ॲम्बेसेडर होती. पहिल्या दिवशी त्यानं डिकी उघडली आणि तिच्यातनं जुनी ताडपत्री, तीन गुळाच्या ढेपा, तुटका जॅक आणि आईनं ठेवलेला पाटा-वरवंटा असं सगळं काढून जमिनीवर मांडलं. "मालक, हे फुकटचं वजन गाडी रोज वाहतीय," म्हणाला. मला राग आला. पण त्या आठवड्यात डिझेल कमी लागलं आणि माझा राग पळाला.

गाडीची त्याची रीतच वेगळी. टायरची हवा सकाळी, गाडी थंड असताना बघायची. दुपारी तापल्या टायरात बघणाऱ्याला तो येडा म्हणायचा. एअर फिल्टर दर पंधरा दिवसांनी काढून झटकायचा, कारण गुऱ्हाळाच्या वाटेवरची माती म्हणजे पीठच. क्लचवर पाय ठेवून चालवणारा ड्रायव्हर दिसला की तोंड फिरवायचा. "गाडी पायानं चालवायची न्हाय, डोळ्यानं चालवायची," म्हणायचा. "लांबचं दिसलं की आधीच पाय काढायचा. ब्रेक मारला की जाळलेलं डिझेल मातीत." पंचेचाळीसच्या वर काटा जायचा नाही. मागनं येणारे हॉर्न मारून मारून दमायचे, पुढं जाताना शिव्या घालायचे. ह्याला त्याचं काही नाही.

खंडेनवमीला अख्खी शाहूपुरी गाड्या धुऊन झेंडूच्या माळा घालते, चाकाखाली लिंबू ठेवते. दादासो बौद्ध. तो म्हणायचा, "माळ तुम्ही घाला, नारळ तुम्ही फोडा, मालक. मी तेलपाणी बघतो." त्याची खंडेनवमी महिन्याला एकदा, पौर्णिमेला. विहारात जायच्या आधी सकाळी तो गाडीखाली झोपायचा. ब्रेकचं ऑइल, पट्टा, पाण्याचे पाईप, नटबोल्ट, सगळं हातानं चाचपायचा. मी चेष्टा करायचो, "तुझ्या बाबासाहेबांनी हे कुठं लिहून ठेवलंय का?" तो म्हणायचा, "डोळं उघडं ठेवून बघा, एवढं लिहिलंय की."

एक गोष्ट सांगायला जड जाते, पण सांगतो. पहिली दोन वर्षं आमच्या आईनं त्याचा चहाचा कप वेगळा ठेवला होता. कान तुटलेला, खिडकीच्या कठड्यावर. मी रोज बघायचो आणि बघितलं नाही असं करायचो. पुढं कधीतरी तो कप गेला, आईच त्याला स्वयंपाकघरात बसवून चहा द्यायला लागली. ते तिचं तिनं केलं. मी काही केलं नाही.

मी काय केलं ते आता सांगतो. रोज संध्याकाळी गाडी लागली की माझा एकच प्रश्न असायचा, "ॲव्हरेज किती पडलं?" पाऊस असो, कागलला हायवेवर दोन तास अडकलेलो असो, गाडीत सहा माणसं असोत, प्रश्न तोच. आकडा कमी आला की मी बोलायचो, चारचौघांत बोलायचो. एकदा मुरगूडहून येताना उतार लागला. मागं बसून मी म्हणालो, "गाडी आपसूक पळतीय, मग इंजिन कशाला जाळतोयस? बंद कर किल्ली."

"मालक, हे बरं न्हवं," तो म्हणाला.

"गाडी कुणाची?"

त्यानं आरशात माझ्याकडं बघितलं आणि किल्ली बंद केली. गाडी आवाज न करता उतरायला लागली, नुसता वारा ऐकू येत होता. मला फार मजा वाटली. फुकट चाललोय असं वाटलं. त्या दिवसापासून तो जिथं उतार तिथं किल्ली बंद करत गेला आणि आमची ॲम्बेसेडर मार्केटमध्ये ॲव्हरेजसाठी गाजली. मी पैजा लावायचो. ती जुनी गाडी होती, सगळं हाताच्या जोरावर. तिला चालून गेलं.

बालिंग्याचा पूल मागं पडला, कळे गेलं, आणि हे सगळं माझ्या डोक्यात भुंग्यासारखं फिरत होतं. रस्त्यावर उसाच्या बैलगाड्या. मी हॉर्न मारतोय, गाडीवान ढिम्म. तोंडात शिव्या येत होत्या आणि घशातच अडकत होत्या. उद्या लोक विचारतील, कसं झालं? मी काय सांगू? दोन लिटर डिझेलसाठी आई घालवली? पोरगी वीस वर्षांची. सकाळी निघताना म्हणाली होती, "पप्पा, येताना कोकम आणू का?" आणि मी पेपरातनं मान वर न काढता "आण" म्हणालो होतो.

साळवणला आल्यावर समोरनं एक एसटी आली, सिंधुदुर्गाकडची. मी जीप आडवी घालून थांबवली. ड्रायव्हर खवळला. मी खाली उतरून हात जोडले. मी कुणापुढं हात जोडत नाही.

"घाटात काय झालंय का? पांढरी गाडी बघितलीसा का?"

"पांढऱ्या गाड्या धा बघितल्या, पावणं," तो म्हणाला. "घाटात गर्दी हाय एका वळणावर. काय हाय ते काय कळलं न्हाय."

गर्दी. त्यापुढं गगनबावडा कधी आला, कधी गेला, मला आठवत नाही. गुंडूच्या हॉटेलापाशी थांबायचंही सुचलं नाही. मग घाट सुरू झाला. पहिल्या उताराला मी चुकून तिसऱ्या गियरमध्ये होतो, जीप पळायला लागली. ब्रेक दाबला, सोडला, पुन्हा दाबला. जळका वास आला. मग दुसरा गियर टाकला आणि इंजिन ओरडत ओरडत जीपला धरून उतरवू लागलं. त्या आवाजाचा मला आयुष्यात एवढा आधार कधी वाटला नव्हता. आणि हाच आवाज बंद कर म्हणून मी अकरा वर्षं सांगत आलो होतो.

प्रत्येक वळणाला मी दरीकडं बघत होतो. पांढरं काही दिसलं की जीप हळू करून बघायचो. दगड असायचा, नाहीतर कुणीतरी फेकलेली पिशवी. आणि मग ती गर्दी दिसली. वीस-पंचवीस माणसं, कठड्याला टेकून सगळी खाली बघत होती.

मी जीप कशी लावली देवाला ठाऊक. उतरलो, पण पुढं जाववेना. एका माणसाच्या दंडाला धरलं आणि विचारलं, "किती माणसं हुती?"

त्यानं माझ्याकडं विचित्र बघितलं. "माणसं कुठली, पावणं? ट्रकातनं बांधकामाचं चिरं पडल्यात खाली. मागचा फळका तुटला. ट्रक काय त्यो उभा हाय की पुढं."

मी तिथंच रस्त्यावर खाली बसलो. कुणीतरी पाणी दिलं. "घरचं कोण हाय का म्होरं?" म्हणून कुणीतरी विचारलं. मी मान हलवली आणि पुन्हा जीपमध्ये जाऊन बसलो. अजून अर्धा घाट राहिला होता.

वैभववाडीत मावशीचं घर बाजाराच्या मागं आहे. गल्लीच्या तोंडाशी वळलो आणि फणसाखाली पांढरी गाडी दिसली. बॉनेट उघडं होतं. दादासो खांद्यावर फडकं टाकून वाकून आत बघत होता. ओट्यावर आई मावशीच्या शेजारी बसून पानाला चुना लावत होती, आणि संयोगिता आतल्या सोप्यात कुणाशी तरी हसत होती. मला बघून आई म्हणाली, "तू कशाला आलास? पेढी कुणाच्या जिवावर टाकलीस?"

मी आईच्या पायांना हात लावला. मी सणासुदीलाही लावत नाही, त्यामुळं ती घाबरली. "काय झालंय तुला?" म्हणाली. मी दादासोकडं गेलो आणि अडकलेलं सगळं त्याच्यावर ओकलो. अक्कल हाय का, अमरसिंहानं फोन केला, किल्ली बंद करून घाट उतरलास तर काय झालं असतं, माझी आई, माझी पोरगी. दादासो फडक्यानं हात पुसत उभा होता.

"किल्ली बंद केली न्हाय, मालक," तो म्हणाला. "दुसऱ्या गियरवर उतरलो. इंजिनावर."

"का?"

"मला ठाऊक हुतं की."

"कसं ठाऊक? अमरसिंह तर म्हणाला, त्यानं सांगितलंच न्हाय."

"म्हणून तर. शनवारी त्यो काय बोलला न्हाय, म्हणून येताना वाघबिळाच्या घाटाकडं गेलो. उताराला एकट्यानं किल्ली बंद करून बघितली."

मला एकदम आठवलं. शनिवारी संध्याकाळी मीटरला छत्तीस किलोमीटर जास्त होते. कुठं हुंदडत होतास म्हणून मी त्याला हमालांच्या समोर झाडलं होतं.

"पैल्यांदा ब्रेक लागला. दुसऱ्यांदाबी लागला," तो सांगत होता, शांतपणे, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं. "तिसऱ्यांदा पायाखाली नुसता धोंडा. स्टेअरिंग दोन्ही हातांनी वळंना. समोरनं उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्यांचा. हॅण्डब्रेक वढला आणि डोंगराकडच्या चरीत घातली. थांबली. ट्रॅक्टर एवढ्या अंतरावनं गेला." त्यानं हातभर अंतर दाखवलं. "घरात निशालाबी बोललो न्हाय, आमच्या दीक्षा पोरीलाबी न्हाय. दोन रात्री झोप न्हाय. आज घाट हाय हे ठाऊक हुतं, म्हणून आधी बघून घेतलं."

"मग मला का सांगितलं न्हाईस?"

"तुम्ही इचारला असतासा, नवी गाडी आणि ॲव्हरेज कमी कसं."

हे खरं होतं, मी तेच विचारलं असतं. आणि त्या क्षणी माझ्या तोंडातनं काय निघावं? जन्माची सवय. मी विचारलं, "गाडीला कुठं लागलं न्हाय न्हवं?"

दादासोनं माझ्याकडं बघितलं. "न्हाय," म्हणाला. "खरचाटलंबी न्हाय." आणि वाकून तेलाची कांडी काढून बघायला लागला.

तेव्हाही मला कळलं नाही. एवढा मोठा घोर उतरला होता की बाकी काही सुचत नव्हतं. घरी बायको रडत असणार, तिला कळवायला पाहिजे. बाजारात एसटीडी बूथ होता, तिकडं निघालो. दादासो माझ्या मागनं आला. त्यालाही फोन करायचा होता.

मी आत गेलो, तो काचेच्या दाराबाहेर थांबला. बायकोनं पहिल्याच घंटीला फोन उचलला.

"दोघी सुखरूप हाईत," मी म्हणालो. "आई पान खात बसलीय."

"दोघी सुखरूप हाईत म्हणं," बायकोनं तिकडं कुणालातरी मोठ्यानं सांगितलं. तिचा आवाज रडून बसला होता. मग ती मला म्हणाली, "निशा आलीय. तुमचा फोन ठेवल्याबरोबर आली, बिचारी. तेव्हापासून इथंच फोनपाशी बसलीय, पाणीसुद्धा घेतलं न्हाय."

आणि मागून निशाचा आवाज आला. बारीक, पण मला प्रत्येक शब्द ऐकू आला.

"दोघीच? आणि दीक्षाचे पप्पा? ते बी गाडीतच हुते न्हवं?"

गाडीत तीन माणसं होती. सव्वानऊपासून मी मोजत होतो ती दोन. रस्त्यावर, घाटात, त्या गर्दीत, कुठंच मला तिसरं माणूस आठवलं नव्हतं. आठवलं ते फक्त शिव्या घालायला. मला एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नाही, आणि आजही ती गेलेली नाही.

निशानं पुन्हा विचारलं. मी दार उघडून दादासोला आत ओढलं आणि रिसीव्हर त्याच्या हातात दिला.

त्यानं तो कानाला लावला.

"व्हय," तो म्हणाला. "मी हाय की."